देवळापुढची माती तेवढी राहू द्या

प्रति,
ग्रामदेवी देवस्थान समितीचे विश्वस्त, गावकर, मानकरी, गुरव मंडळी, वाडीवाडीचे प्रमुख आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी,

सर्वांना सप्रेम नमस्कार.

देवळापुढच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक घालायचे, कडेने पत्र्याची शेड उभी करायची आणि तोंडाशी कमान बांधून तिच्यावर 'स्मृती क्रीडांगण' म्हणून माझ्या आजोबांचं नाव घालायचं, असा ठराव गणपतीतल्या बैठकीत झाल्याचं कळलं. कमानीसाठी आबांचा फोटो हवा म्हणून वडिलांना फोनही आला. फेट्यातला असला तर बरं, असं सांगितलं म्हणे. आबांनी जन्मात फेटा बांधला नाही. पांढरी टोपी घालायचे, आणि मैदानात उतरले की तीही काढून खुंटीला.

गावकीच्या बैठकीला बायका नसतात, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींना तर तिथे कोण विचारतो. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. आबांची आठवण गावाला राहावी असं तुम्हाला वाटलं, याचा आमच्या घरात सगळ्यांनाच आनंद झाला. रागाने लिहिलंय असं कुणी समजू नये. पण ज्या माणसाच्या नावाने क्रीडांगण करायचं, त्याचाच खेळ त्या क्रीडांगणावर खेळता येऊ नये, हे मला काही केल्या पटत नाही. पेव्हर ब्लॉकवर कबड्डी होत नाही. पकडीत पडलेल्या गड्याचे ढोपर-कोपर पहिल्याच डावात सोलून निघतील. मग तिथे होणार काय? गाड्या लागणार, आणि मे महिन्यात हळदी-लग्नाचे मंडप.

तुमच्यातल्या पन्नाशीच्या आतल्यांनी आबांना पाहिलं ते गळ्यात शिट्टी अडकवून मध्यरेषेच्या टोकाला उभे असलेले. त्यांना खेळताना पाहिलेली माणसं आता मोजकीच उरलीत. म्हणून थोडं मागचं सांगते.

आबा मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला गेले. तेव्हा दाभोळला आगबोट लागायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडावातून बोटीवर चढायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. लालबागला आपल्या गावकीची खोली होती. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकट्या सरकवून दुसरी आडवी व्हायची. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर आपल्या देवीचा फोटो, जेवण खानावळीतल्या मावशीकडे. आबा आधी बदली कामगार होते. रोज गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्या दिवसाचं काम, नाहीतर आल्या पावली परत.

त्यांना कायम केलं ते कबड्डीने. गिरण्यांचे संघ असत, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा असत, आणि रात्री चाळींच्या मधल्या गल्लीत दिवे लावून सामने व्हायचे. आबा डाव्या कोपऱ्याला उभे राहायचे. अंगाने काडी, पण चढाईवाल्याचा पाय बोनस रेषेकडे वळला रे वळला की खाली वाकून पट काढायचे, म्हणजे पाय धरून ओढायचे. साचेखात्याच्या मुकादमाने एका सामन्यात ते पाहिलं आणि पुढच्या महिन्यात कार्ड हातात आलं. हे मी घरात ऐकलेलं आहे. थोडं मीठमसाला लावलेलं असेल, पण आबा स्वतः कधी याच्या पलीकडे बोलले नाहीत.

चढाई त्यांना फारशी जमायची नाही. दम मात्र अफाट. खोलीवर एकादशीचं भजन असायचं, त्यात आबा टाळ धरायचे आणि वरच्या पट्टीत अभंग उचलायचे. कबड्डीचा दम भजनात वाढतो, असं ते आम्हाला शिकवताना सांगायचे आणि खरोखरच सरावाआधी हरिपाठ म्हणायला लावायचे. आम्हाला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. एका श्वासात एक ओवी पुरी करायची, मधे श्वास घेतलेला त्यांना शेवटच्या रांगेतूनही ऐकू यायचा. "वाईच दम धर गो, देव कुठं पळतोय," असं म्हणून परत पहिल्यापासून.

माळ घालायची त्यांची फार इच्छा होती, तरी खेळत होते तोवर त्यांनी ती घातली नाही. कारण साधं होतं: पकडीत कुणाचा हात अडकून माळ तुटली तर? तुटलेली माळ त्यांना सोसली नसती, आणि माळ जपत खेळणं तर मुळीच जमलं नसतं. म्हणून पांडुरंगाला थांबवून ठेवलं. शेवटचा सामना खेळले आणि त्याच वर्षी कार्तिकीला पंढरपूरला जाऊन माळ घालून आले. आषाढीची वारी त्यांना कधी साधली नाही. आषाढात आपल्याकडे लावणी असते, भाताची दाढ, म्हणजे रोपं, काढून झालेली असते, तेव्हा बांधावरून उठून पंढरपूर गाठणं शेतकऱ्याला जमत नाही. त्यांची वारी कार्तिकीचीच.

समुद्राकाठच्या गावात माळकरी होणं किती कठीण आहे हे इथे कुणाला सांगायला नको. घरात सगळे मासे खाणारे. आजीने पडवीत दुसरी चूल घातली. गंमत म्हणजे मासे आणायला आबाच जायचे. होडी लागली की पिशवी घेऊन खाली उतरायचे, बांगड्याचा कल्ला वर करून लाली बघायचे, बोटाने दाबायचे, घासाघीस करायचे, आणि घरी येऊन न्हाणीघरात हात घासून घासून धुवायचे. स्वतः कुळथाचं पिठलं आणि भात. आम्ही कधी विचारलं, तुम्हाला वास आला की खावंसं वाटत नाही का, तर म्हणायचे, "वाटतं की." बस, एवढंच.

आता आजीबद्दल. कमानीवर तिचं नाव घालायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. आबा मुंबईला आणि आजी गावाला, असा त्यांचा संसार अर्ध्याहून जास्त आयुष्य चालला. आबा वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. मधल्या काळात कवळ तोडणं, भाजावळ, नांगरट, लावणी, कापणी, झोडणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, चार मुलं, सगळं तिने एकटीने ओढलं. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो, असं त्या काळात म्हणायचे. घराघरात चूल कुणी पेटती ठेवली, हे त्यात येत नसे. एका महिन्यात आबांची मनीऑर्डर निम्मीच आली. संघाला बनियन-चड्ड्या घ्यायच्या होत्या, वर्गणी कमी पडली, म्हणून आबांनी आपल्या खिशातून घातले. आजीने पोस्टमनसमोर नोटा मोजल्या आणि पावतीवर अंगठा दिला. ती गोष्ट ती म्हातारपणीसुद्धा विसरली नव्हती. गावात आबांच्या सत्काराला शाल-श्रीफळ दिलं तेव्हा ती खाली बायकांत बसून हळूच म्हणाली होती, "त्यातली अर्धी शाल माझी." शेजारच्या काकी अजून ते सांगून हसतात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आबा वर्षभर थांबले, भाजी विकली, कुठे हमाली केली, आणि शेवटी ट्रंक उचलून गावाला आले. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या पुढे होते. या काळाबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. 1990 साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली तेव्हा वरच्या वरकस जमिनीत त्यांनी काजूची कलमं लावली, वेंगुर्ला-4 ची. त्या कलमांनी घर सावरलं.

त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सोनं घेतलं. आबांनी रेडिओवर बातमी ऐकली आणि वाडीत घरोघर गूळखोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फावडं घेऊन देवळापुढच्या पटांगणात उतरले. गावच्या मैदानाची सुरुवात ती. तोवर पोरं खळ्यात, मळ्यात, जमेल तिथे खेळत होती.

ते मैदान कसं झालं, हे ठराव करणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. आपली माती जांभ्याची, कणीदार. तशीच ठेवली तर पाय सोलते. आबांनी आधी वरचा थर खरवडून खडे वेचले. मग मळ्यातली मऊ माती डोक्यावर आणून टाकली. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि सुताराकडचा भुसा. दोन दिवस पाणी मारून मुरवलं, खळं करतात तसं चोपणीने चोपून घेतलं. तेरा मीटर बाय दहा मीटर. मापाला सुंभाची दोरी, तिला गाठी मारलेल्या: एक गाठ निदान रेषेची, म्हणजे चढाईवाल्याने ओलांडायलाच हवी त्या रेषेची, एक बोनसची. ती दोरी आमच्या पडवीत अजून आहे. दर पावसाळ्यात माती वाहून जायची आणि दर दिवाळीनंतर आबा पहिल्यापासून सगळं करायचे. मदतीला पोरं असायची. तुमच्यातले आताचे दोन विश्वस्तही त्यात होते, दादा, तुम्हाला आठवत असेल.

खेळायच्या आधी आबा सगळ्यांना ओळीने उभं करून नखं बघायचे. कबड्डीच्या नियमांत नखं कापलेली असावीत असं आहेच, पण आबा ते पंचांच्या कर्तव्यासारखं नाही, तर एखाद्या विधीसारखं करायचे. हात पालथे, मग उताणे. कुणाचं नख वाढलेलं असलं तर खिशातली छोटी कात्री काढून स्वतःच कापायचे, मग तो शाळकरी पोरगा असो की मुंबईहून आलेला, बायको-मुलं असलेला चाकरमानी. अंगाला तेल लावून आलेल्याला विहिरीवर पाठवायचे. पंच म्हणून भावाभावांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. माझ्या सख्ख्या काकाला अंतिम सामन्यात बाद दिलं आणि काका आठवडाभर जेवताना बोलला नाही. कौतुक करण्यात मात्र महाकंजूष. जिंकून आलो तरी पहिलं वाक्य आमच्या चुकीबद्दलच.

आम्ही मुली खेळायला लागलो तेव्हा कुरकुर झाली. देवीसमोर मुली चड्ड्या घालून खेळणार, चार दिवसांचं काय, असं बरंच काही बोललं गेलं. कोण बोललं ते लिहीत नाही, आता ती माणसंही नाहीत. आबा बैठकीत काही बोलले नाहीत. संध्याकाळी चुन्याची पिशवी आणि दोरी घेऊन गेले आणि मुलांच्या मैदानाशेजारी बारा बाय आठचं मुलींचं मैदान आखून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही खेळलो. आधी देवळाच्या पायरीला हात लावायचा, मग मातीला, मग आत. 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघीजणी होत्या. आबांनी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवला. माळकरी माणसाच्या देव्हाऱ्यात विठोबा, रखुमाई आणि जर्सीतल्या पोरी. कुणाला हसू आलं तर येऊ दे.

आता मुद्द्याचं. आबांची गोष्ट बाजूला ठेवली तरी या ब्लॉकना माझी हरकत आहेच, आणि ती देवीच्या कामाच्या बाजूने आहे.

शिमग्यात आपली पालखी खुणा काढते. पटांगणात कुठेतरी खूण पुरायची, भोयांच्या खांद्यावरची पालखी नाचत नाचत त्या जागी येऊन अडते आणि मग माती उकरून खूण बाहेर काढतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ब्लॉक घातल्यावर खूण पुरणार कुठे? यावर "तेवढे दोन ब्लॉक मोकळे ठेवू," असं उत्तर मिळाल्याचं ऐकलं. मग पालखीची परीक्षा कसली राहिली? मोकळे ब्लॉक तर बालवाडीतलं पोरही दाखवील. होमाचा खड्डाही तिथेच. भोयी अनवाणी असतात. फाल्गुनातल्या दुपारी तापलेल्या सिमेंटवर पालखी नाचवून दाखवा एकदा. खेळे येतात, संकासुराचं सोंग मातीत लोळतं, आमच्याकडच्या नमनात पाय आपटल्याशिवाय रंग भरत नाही. हे सगळं मातीवरचं आहे.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल संपता संपता बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. देवळाखालच्या विहिरीला जे पाणी झिरपतं ते या पटांगणातून. त्यावर झाकण घालून आपण काय मिळवणार?

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. श्रावणात पटांगणात चिखल होतो. म्हाताऱ्या बायका घसरतात. माझी चुलत आजी तिथेच पडली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. त्यावर उपाय हवाच. रस्त्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत जांभ्या चिऱ्यांची रुंद पाखाडी घाला, एका बाजूला धरायला कठडा करा, पाणी जायला गटार काढा. आपल्या बापजाद्यांनी डोंगरभर पाखाड्या घातल्या, त्या अजून जागच्या हलल्या नाहीत. चिरा आपल्याच तालुक्यात मिळतो. पालखीला, खेळाला आणि होमाला उरलेलं पटांगण मोकळं राहील.

शेड हवी असेल तर शाळेमागच्या कातळावर करा. तिथे नाहीतरी काही उगवत नाही. आणि शेड झाली की मॅट घ्या. हे मी आबांच्या विरुद्ध जाऊन लिहिते आहे, कारण ते मॅटला नाकं मुरडायचे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा टीव्हीसमोर बसून ते सगळा वेळ पुटपुटायचे की गाद्यांवर कुणीही पडेल. पण आज जिल्ह्याच्या पुढे जायचं असेल तर पोरांना मॅटचा सराव लागतो, मातीवर शिकलेल्या पायाला मॅटवर बूट घालून खेळायला वेळ लागतो. आपली पोरं त्यात मागे पडतात. मातीवर शिकावं, मॅटवर तयार व्हावं. दोन्ही होऊ शकेल एवढी जागा देवीने आपल्याला दिली आहे.

कमानीसाठी घरातून जी रक्कम द्यायची ठरली होती ती आम्ही मागे घेत नाही. ती पाखाडीला लावा. पाखाडीवर कुणाच्याच नावाची पाटी नको. ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली असल्यास तोच ठेकेदार चिऱ्याचं कामही करतो, मी विचारून घेतलं आहे.

एवढं करून बहुमत ब्लॉकच्याच बाजूने पडलं तर आमच्या घरातून कुणी भांडायला येणार नाही. पण मग कमानीवर आबांचं नाव घालू नका. ही विनंती घरातल्या सगळ्यांच्या वतीने आहे, आणि या एका बाबतीत आम्ही मागे हटणार नाही.

हे पत्र पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसह इतिवृत्तात लिहावा. बैठकीची तारीख ठरली की कळवा. आत बसायचा रिवाज नसेल तर बाहेर पायरीवर बसेन, पण येईन.

आपली,
गावची एक माहेरवाशीण